गाडीचं कोणतं व्हेरिअंट घ्यावं आणि काय बाहेरून बसवावं : पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

पहिली गाडी घेणाऱ्यांचं गाडीचं नाव बहुधा आधीच ठरलेलं असतं. घरात चर्चा झालेली असते, शेजाऱ्यांच्या गाडीतून एक फेरी झालेली असते, मेहुण्यांनी सल्ला दिलेला असतो. खरा गोंधळ उडतो तो शोरूममध्ये दरपत्रक हातात पडल्यावर. एकाच गाडीची डझनभर व्हेरिअंट्स, आणि तळाच्या व टॉपच्या किमतीत दोन-तीन लाखांचं अंतर. समोरचा सेल्समन म्हणतो, "सर, अजून फक्त साठ हजार टाका, पुढचं मॉडेल येतंय." त्या साठ हजारांचे पुढे किती होतात, आणि त्यातल्या किती गोष्टी आपण खरोखर वापरणार आहोत, हे तिथल्या तिथे सुचत नाही. म्हणून हा विचार घरी, चहा घेत, शांतपणे करून मगच शोरूमची पायरी चढावी.

माझं मत आधीच सांगतो. जे गाडीच्या सांगाड्यात, ब्रेकमध्ये आणि सीटच्या आत असतं त्यासाठी वरच्या व्हेरिअंटचे पैसे मोजावेत. जे चार स्क्रू आणि एका कपलरवर (वायर न कापता जोडायच्या प्लगवर) बसतं त्यासाठी मोजू नयेत. पुढचं सगळं या एकाच विचारावर आधारलेलं आहे.

आधी नावं लावून घ्या

प्रत्येक कंपनीची नावांची स्वतःची शिडी असते. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, ब्रेझामध्ये एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस असा चढता क्रम आहे. त्याच कंपनीच्या नेक्सा शोरूममधल्या बलेनो किंवा फ्रॉन्क्सला तेच सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा होतं. ह्युंदाईकडे ई, एस, एसएक्स. आणि मागे 'ओ' लागला की ते ऑप्शनल, म्हणजे त्या पायरीवर आणखी काही जादा दिलेलं. टाटा स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह अशी नावं वापरते, महिंद्रा एमएक्स आणि एएक्स. नावं पाठ करायची गरज नाही. तुमच्या गाडीची शिडी कागदावर खालून वर लिहून काढा आणि प्रत्येक पायरीसमोर एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची) किंमत लिहा.

मग कंपनीच्या वेबसाइटवरून ब्रोशर उतरवा आणि ते शेवटच्या पानापासून वाचायला घ्या. पुढच्या पानांवरचे गुळगुळीत फोटो जवळजवळ नेहमी टॉप मॉडेलचे असतात, आणि दाखवलेल्या ॲक्सेसरीज गाडीसोबत मिळतीलच असं नाही, अशी बारीक अक्षरातली ओळही तिथे सापडते. खरी माहिती असते मागच्या तक्त्यात, जिथे ठिपके आणि आडव्या रेघा असतात. तो तक्ता ओळ-ओळ करून वाचा. एका पायरीवरून दुसरीवर जाताना जिथे रेघेचा ठिपका होतो तेवढ्याच ओळी वहीत उतरवा. बहुतेक गाड्यांत ही यादी पंधरा-वीस ओळींच्या पुढे जात नाही, आणि त्यातल्या निम्म्या ओळी क्रोमची पट्टी, दाराच्या हँडलचा रंग, डॅशबोर्डची दुरंगी छटा अशा असतात.

घरात कोण बसणार आहे, ते लिहा

वैशिष्ट्यांची यादी करण्याआधी माणसांची करा. गाडी कोण कोण चालवणार? पती-पत्नीच्या उंचीत चांगलाच फरक असेल तर ड्रायव्हर सीट वर-खाली करता येणं ही चैन उरत नाही. बुटक्या चालकाला बॉनेटचं टोक दिसत नसेल तर तो रोज अंदाजाने गाडी काढणार. मागे आजी-आजोबा बसणार आहेत का? मग मागच्या सीटला वर-खाली होणारे हेडरेस्ट हवेत, आणि नागपूर-अकोल्याकडे राहत असाल तर मागचे एसी व्हेंट हवेतच. तिकडच्या मे महिन्यात पुढचा एसी मागच्या सीटपर्यंत पोचेपर्यंत अर्धा रस्ता संपतो. लहान मूल असेल तर आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट अडकवायचे, हूक आहेत का, हे तक्त्यावर विसंबून न राहता सीटच्या फटीत हात घालून पाहा.

रस्ता कोणता, हेही लिहा. आंबोली, ताम्हिणी, वरंधा अशा घाटांतून नेहमी जाणाऱ्याला हिल होल्डची किंमत कळते. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकत नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत खांबांच्या मधे गाडी लावणाऱ्याला बटणावर मिटणारे आरसे रोज दोनदा उपयोगी पडतात. समृद्धीवरून ताशी १२०ने तासन् तास जाणाऱ्याने टायरच्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आहे का ते पाहावं. आणि कोकणात राहत असाल तर मागच्या काचेचा वायपर आणि डिफॉगर. जून ते सप्टेंबर मागची काच चिखलाने आणि वाफेने इतकी झाकली जाते की आतला आरसा असून नसल्यासारखा होतो.

सनरूफचं काय, हा प्रश्न घरातली मुलं विचारतातच. हौस असेल तर जरूर घ्या, पण फक्त सनरूफसाठी एक पायरी वर जाऊ नका. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ती ऊन किंवा पाऊस यांमुळे बंदच असते, आणि उंच माणसाच्या डोक्यावरची दोन बोटं जागाही जाते.

जे नंतर मिळत नाही, त्यालाच पैसे

आता वहीतल्या यादीपुढे खूण करत चला. पहिली खूण अशा गोष्टींना, ज्या कारखान्यातून आल्या नाहीत तर पुन्हा कधीच येत नाहीत.

एअरबॅग हे त्यातलं ठळक उदाहरण. ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि वेगाची सूचना देणारा आवाज हे १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. पुढच्या प्रवाशाची एअरबॅगही त्यानंतर सक्तीची झाली. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये आलं. म्हणजे आज तळाच्या मॉडेललाही एवढं असणारच, आणि सेल्समनने ते 'फीचर' म्हणून मोजून दाखवलं तर तेवढ्या ओळी खोडून टाका. सहा एअरबॅग मात्र कायद्याने सक्तीच्या नाहीत. काही कंपन्या आता त्या तळापासून देतात; मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि ईएसपी दोन्ही सगळ्या व्हेरिअंट्सना आहेत. काही गाड्यांत त्या वरच्या पायऱ्यांवरच येतात. तुमच्या गाडीत त्या कोणत्या पायरीपासून सुरू होतात ते पाहा, आणि माझ्या मते ती तुमची सगळ्यात खालची पायरी. त्याच्या खाली बघूच नका.

ईएसपी म्हणजे गाडी घसरायला लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला रेषेत आणणारी यंत्रणा. ओल्या रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आली आणि स्टिअरिंग झटकन फिरवलं, तर तिचं काम सुरू होतं. हिल होल्डही बहुधा तिच्यासोबतच येतं. ही गोष्ट बाहेर कुठेच बसवून मिळत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपच्या अपघात चाचण्या सुरू झाल्या. तारे पाहताना अहवालात एक गोष्ट जरूर तपासा : ते रेटिंग कोणत्या व्हेरिअंट्सना लागू आहे. जाहिरातीतले पाच तारे ज्या गाडीचे आहेत, तीच गाडी तुम्ही घेताय का, हे तिथेच कळतं.

याच गटात पुढच्या गोष्टी येतात : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागचे डिस्क ब्रेक, सीटची उंची बदलणं, पुढे-मागे होणारं स्टिअरिंग, मागचे एसी व्हेंट, मागचा वायपर आणि डिफॉगर, तीन-पॉइंटचे पट्टे, ॲडास (कॅमेरा किंवा रडारने धोका ओळखून चालकाला मदत करणारी यंत्रणा). वायपर 'बाहेरून बसवून देतो' म्हणणारे भेटतात. त्यासाठी काचेला किंवा पत्र्याला भोक लागतं, मोटर लागते, पाण्याची नळी लागते. नव्या गाडीवर हा प्रयोग करू नये. ज्या व्हेरिअंटमध्ये तो आहे ते घ्यावं, किंवा त्याशिवाय चालवायचं ठरवावं.

हेडलाइट मी मुद्दाम याच गटात टाकतो. बल्ब बदलता येतात, पण रिफ्लेक्टरचा आकार तोच राहतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाहेरचा एलईडी किंवा एचआयडी बल्ब घातला की उजेड भरपूर पडतो, पण तो रस्त्याबरोबर समोरच्याच्या डोळ्यांतही पडतो. रात्री बराच प्रवास असेल तर एकदा संध्याकाळी सातनंतर टेस्ट ड्राइव्ह मागा आणि मधल्या मॉडेलचे दिवे तुम्हाला पुरतात का ते बिनदिव्याच्या रस्त्यावर पाहा.

टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुधा टॉप मॉडेलची असते, हे इथेच सांगून ठेवतो. तुम्ही त्या गाडीच्या प्रेमात पडता आणि बुकिंग मधल्या मॉडेलचं करता. जे घ्यायचं तेच व्हेरिअंट कुठेतरी, स्टॉकयार्डमध्ये का होईना, बसून पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. सीट, स्टिअरिंग, आरसे आणि काच खाली करायची बटणं, एवढं तरी हाताळा.

जे नंतर बसतं, आणि ते कसं बसतं

मॅट, मड फ्लॅप, दाराच्या काचेवरचे रेन व्हायजर, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, टायरमधल्या हवेचे सेन्सर, अलॉय व्हील, आर्मरेस्ट, हॉर्न. ही सगळी बाहेरची कामं आहेत. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे ही दुकानं रांगेने आहेत, आणि आता जिल्ह्याच्या गावीही चांगला कारागीर सापडतो. पण वस्तूपेक्षा कारागीर जास्त महत्त्वाचा. तीन कामांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चुकीचं काम झालं तर ते याच तिघांत महागात पडतं.

सीट कव्हर. साइड एअरबॅग असलेल्या गाडीत ती बॅग पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत असते. तिथे एअरबॅग लिहिलेला छोटा कापडी टॅग शिवलेला दिसेल. त्यावर घट्ट रेक्झिनचं कव्हर चढवलं तर अपघातात बॅगेला बाहेर यायला वाट राहत नाही. एअरबॅगला चालणारी कव्हरं वेगळी येतात. त्यांची त्या कडेची शिवण मुद्दाम कमजोर दोऱ्याची असते किंवा तो भाग उघडाच ठेवलेला असतो. दुकानदाराला 'एअरबॅगवालं द्या' एवढं म्हणून भागत नाही. कव्हर हातात घ्या, ती शिवण कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा, आणि बसवल्यावर ती नेमकी टॅगसमोर येते का ते पाहा. डावं कव्हर उजव्या सीटवर चढवलं की शिवण आतल्या बाजूला जाते. हे घडतं.

रिव्हर्स कॅमेरा. त्याला वीज मिळते मागच्या रिव्हर्स दिव्याकडून, आणि चित्राची वायर डिकीच्या दारातून, छताच्या किंवा दाराच्या कडेच्या पट्टीखालून पुढे स्क्रीनपर्यंत येते. चांगला कारागीर डिकीच्या दाराजवळच्या मूळ रबरी नळीतूनच वायर ओढतो. घाईतला कारागीर पत्र्याला भोक पाडतो आणि वर सिलिकॉन लावतो. पहिल्या पावसात स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं की ते कळतं. म्हणून काम सुरू होण्याआधी दोन वाक्यं स्पष्ट सांगा : पत्र्याला भोक पाडायचं नाही, आणि गाडीची एकही मूळ वायर कापायची नाही. बाजारात बहुतेक गाड्यांसाठी कपलर मिळतात, मूळ प्लग काढून मध्ये कपलर लावला की काम होतं. वायर कापून टेप गुंडाळलेली सापडली, तर पुढे त्या भागात काहीही बिघडलं की सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. शॉर्ट सर्किटचा धोका आहेच.

अलॉय आणि टायर. इथे एक सोपा मार्ग आहे. तुमच्याच गाडीच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी जो टायर देते, तोच साइज घ्यायचा. स्विफ्टच्या खालच्या व्हेरिअंट्सना १६५/८० आर १४ टायर येतो आणि वरच्यांना १८५/६५ आर १५. रिम एक इंचाने मोठी झाली तरी टायरची भिंत बुटकी झाल्यामुळे पूर्ण चाकाचा व्यास पहिल्याचा साधारण ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२२ राहतो. त्यामुळे स्पीडोमीटर खरा दाखवतो, टायर फेंडरला घासत नाही आणि ईएसपीचं गणित चुकत नाही. दिसायला भारदस्त म्हणून सतरा इंची अलॉय टाकले की खड्ड्यांचा दणका थेट कंबरेत येतो, ॲव्हरेज पडतं आणि स्टिअरिंग जड होतं. शिवाय अलॉयवर भारक्षमता आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) कोरलेला असतो, तो कंपनीच्या रिमशी जुळला पाहिजे.

डॅशकॅमबद्दल एकच : आतमध्ये बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. उन्हात उभ्या गाडीची पुढची काच इतकी तापते की लिथियमची छोटी बॅटरी फुगते. हवेचे सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे मिळतात आणि समृद्धीसारख्या रस्त्यासाठी ते पुरेसे आहेत. कंपनीच्या व्हेरिअंटमध्ये ते नसले तर फक्त त्यासाठी वरची पायरी चढू नका.

एक अपवाद स्क्रीनचा. पूर्वी मी बिनधास्त सांगायचो की म्युझिक सिस्टीमसाठी वरचं मॉडेल घेऊ नका, बाहेर निम्म्या पैशात मिळते. आजकाल बऱ्याच गाड्यांत एसी, कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग्ज एकाच स्क्रीनमधून चालतात, आणि स्टिअरिंगवरची बटणं तिच्याशी जोडलेली असतात. अशा गाडीत बाहेरची स्क्रीन बसवायची तर मूळ काही ना काही बंद पडतं. तुमच्या गाडीच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये एसीची बटणं वेगळी असतील आणि स्क्रीनच्या जागी साधं झाकण असेल, तर बाहेरून बसवणं सोपं. तसं नसेल तर तेवढ्यासाठी वरची पायरी घेणं पटण्यासारखं आहे.

हिशोब : साठ हजारांचे किती?

वरच्या व्हेरिअंटची जादा किंमत एक्स-शोरूम असते. त्यावर रोड टॅक्स चढतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि २० लाखांवर १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर थेट २० टक्के. विम्याचा हप्ताही किमतीबरोबर वाढतो.

समजा फरक ९० हजारांचा आहे. ११ टक्के कर धरला की तो ९९,९०० होतो. म्हणजे लाखच. तो कर्जात गेला, व्याज ९ टक्के आणि मुदत ५ वर्षं धरली, तर महिन्याला साधारण २,०७५ रुपये जादा हप्ता आणि शेवटी एकूण सव्वा लाखाच्या आसपास. आता वहीतली यादी काढा. त्या पायरीवर जे जे मिळतं त्यातलं तुम्हाला खरोखर हवं ते वेगळं करा, आणि त्यातल्या प्रत्येक नंतर बसणाऱ्या गोष्टीचा भाव दोन दुकानांत विचारून समोर लिहा. बाहेरून घेतलेल्या वस्तूवर रोड टॅक्स लागत नाही, आणि ती सगळी एकाच दिवशी घ्यायची नसते. बेरीज लाखापेक्षा बरीच कमी आली तर खालची पायरी घ्या. बरोबरीची आली, आणि त्यात एखादी नंतर न मिळणारी गोष्टही असेल, तर वरची.

१० लाखांच्या उंबरठ्यावर विशेष काळजी घ्या. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल गाडीचा कर १,०९,४५० होतो. १० लाख ५ हजारांची घेतली की सगळ्या रकमेवर १२ टक्के, म्हणजे १,२०,६००. वर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने विकतानाच घ्यायचा आयकर), म्हणजे आणखी १०,०५०. तो आयकर विवरणपत्र भरताना जमा धरता येतो, पण आज खिशातून जातोच. दहा हजारांनी महाग गाडी दारात येईपर्यंत एकतीस हजारांनी महाग पडते. एखाद्या मेटॅलिक रंगाच्या जादा पैशांनी हा उंबरठा ओलांडला जात असेल तर पांढरा रंग पुन्हा एकदा बघायला हरकत नाही.

विकताना काय मिळेल? टॉप मॉडेलसाठी जादा दिलेले पैसे जुन्या गाडीच्या बाजारात त्या प्रमाणात परत येत नाहीत, आणि बाहेरून बसवलेल्या वस्तूंचे तर जवळजवळ नाहीच. मधलं मॉडेल झटकन खपतं. पण आठ-दहा वर्षं गाडी वापरणार असाल तर विक्रीच्या भावावरून व्हेरिअंट ठरवू नका.

शोरूममधल्या ॲक्सेसरीज : तीन वेगळ्या गोष्टी

'सगळं कंपनीचंच आहे' हे वाक्य शोरूममध्ये सारखं ऐकू येतं. त्याच्यामागे तीन वेगळ्या वस्तू असू शकतात. एक, कारखान्यात गाडी बनतानाच बसलेली. दुसरी, कंपनीच्या जेन्युइन ॲक्सेसरीजच्या यादीतली, पार्ट नंबर असलेली, पण डीलरच्या कामगाराने बसवलेली. तिसरी, डीलरने बाहेरच्या बाजारातून आणून आपल्या शोरूममध्ये बसवलेली. तिसरीला कंपनीची वॉरंटी नसते, भाव मात्र पहिलीसारखा लावला जातो. फरक ओळखायचा उपाय सोपा आहे : प्रत्येक वस्तूचा पार्ट नंबर मागा आणि कंपनीच्या ॲक्सेसरीजच्या वेबसाइटवर तो टाकून पाहा. नंबर नसेल तर ती वस्तू तिसऱ्या प्रकारातली, आणि मग ती बाहेरच घेतलेली बरी.

बुकिंगच्या वेळी 'बेसिक किट' नावाचा आकडा कोटेशनमध्ये आधीच छापून येतो. "सर, हे घ्यावंच लागतं, सगळेच घेतात." घ्यावं लागत नाही. नम्रपणे म्हणा, "मला हे नकोय, कोटेशन याच्याशिवाय नवं काढून द्या." तेवढ्यावर बहुतेकदा विषय संपतो. 'मग डिलिव्हरीला वेळ लागेल' असं उत्तर आलं तर ते ईमेलवर लिहून द्यायला सांगा. लिहून सहसा कोणी देत नाही. तरीही अडवलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. विमाही शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशन काढून आणा, त्याच अटींवर शोरूमचा विमा किती उतरतो ते बघा.

किटमधलं काय खरंच घ्यावं? मॅट आणि मड फ्लॅप जेन्युइन घ्या; ते गाडीच्या मापाचे असतात आणि ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट खाली हुकात अडकते, सरकून पेडलखाली जात नाही. बाकी टेफ्लॉन, सिरॅमिक, अँटी-रस्ट या फवारण्यांना डिलिव्हरीच्या दिवशी सरळ नाही म्हणा. नव्या गाडीचा पत्रा कारखान्यातच गंजरोधक प्रक्रिया करून येतो. अगदी समुद्राकाठी, मालवण-वेंगुर्ल्याकडे, खाऱ्या हवेत गाडी उघड्यावर राहणार असेल तर खालच्या कोटिंगचा विचार करता येईल. पण तेही करताना पत्र्याखालची पाणी जायची भोकं बुजत नाहीत ना, हे उभं राहून पाहावं.

ॲक्सेसरीजमधली सूट म्हणजे पैशातली सूट नव्हे. 'पंधरा हजारांच्या ॲक्सेसरीज फ्री' ऐवजी तेवढी रक्कम किमतीतून कमी मागा. पाच हजार जरी रोख सुटले तरी ते तुमच्या निवडीने खर्च होतील.

काय बसवू नये

पुढचं लोखंडी बुलबार किंवा क्रॅशगार्ड बसवू नका. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलं. धडकेत बंपरने आणि पुढच्या भागाने चिरडून जोर शोषायचा असतो. बुलबार तो जोर थेट सांगाड्याला देतो, एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकू शकते, आणि पायी चालणाऱ्याला तर तो जीवघेणा ठरतो.

काळी फिल्मही नको. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावायला बंदी घातली. ऊन रोखायचं तर यूव्ही कट काच असलेलं व्हेरिअंट बघा किंवा उभ्या गाडीत सनशेड लावा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सीएनजी किट हा त्यातला परवानगी घेऊन होणारा बदल आहे, त्याची आरसीवर नोंद लागते आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. माझा सल्ला : सीएनजी हवा असेल तर कंपनी फिटेडच घ्या. मग तो कोणत्या व्हेरिअंट्समध्ये येतो त्यावरच तुमची निवड ठरून जाते, आणि इंजिनच्या वॉरंटीचा वादही होत नाही.

मुहूर्त आणि ताबा

दसरा किंवा पाडव्याचा मुहूर्त साधायचा असेल तर गाडी दोन-तीन दिवस आधी स्टॉकयार्डमध्ये जाऊन तपासा. सणाच्या दिवशी शोरूममध्ये रांग असते, हार-पेढ्यांच्या गडबडीत कोणी नीट बघत नाही. नोंदणीचे पैसे भरण्याआधी तपासणी झाली पाहिजे, नंतर गाडी बदलून मागणं फार कठीण. चॅसिस नंबर गाडीच्या कागदांशी जुळवा. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते पाहा. मग तीच वहीतली यादी काढून एकेक ओळ गाडीवर पडताळा : मागचा वायपर आहे, सीट वर-खाली होते, सहाही एअरबॅगचे टॅग दिसतात. चुकून एक पायरी खालची गाडी आली असेल तर ती इथेच कळते.

ताबा मिळाला की लगेच काहीही बसवू नका. पहिल्या सर्व्हिसपर्यंत गाडी आहे तशी चालवा. मॅट, डॅशकॅम सोडून बाकी काय खरंच हवंय ते तेवढ्या दिवसांत आपोआप कळतं, आणि गाडीत कारखान्यातला दोष असेल तर तो बाहेरच्या वायरिंगवर ढकलता येत नाही.

जे बसवाल त्याचं जीएसटीचं बिल घ्या आणि विमा कंपनीला कळवा. पॉलिसीतली गाडीची किंमत कंपनीने दिलेल्या गाडीवर धरलेली असते. बाहेरचे अलॉय किंवा स्क्रीन त्यात येत नाहीत. वीज लागणाऱ्या वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता भरून त्यांची वेगळी नोंद पॉलिसीत करून घेता येते. बिलाचा आणि बसवलेल्या वस्तूचा, गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढून तोही विमा प्रतिनिधीला पाठवा, आणि एंडॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीतल्या या नोंदीचा, कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.